टाकीतली धुऱ्याची भांडणं

बेसा, बेलतरोडी, घोगलीकडच्या कितीतरी जणी रोज सकाळी मनीषनगरच्या फ्लॅट स्कीममध्ये कामाला येतात. धुणीभांडी, पोळ्या, म्हाताऱ्या माणसांची देखभाल ही कामं तर आहेतच. काही घरांत आता आणखी एक काम वाढलं आहे, ते म्हणजे माशांच्या टाकीचं. दिवसातून दोनदा खाणं घालायचं, काच पुसायची, पाणी कमी झालं की भरायचं. मालक गावाला गेले तर आठ-आठ दिवस सगळी टाकी बाईच्याच भरवशावर असते.

गटाच्या मागच्या बैठकीत एका मैत्रिणीने विचारलं, "ताई, मासा मेला तर पगार कापतात का जी?" तिच्या घरी समुद्राच्या पाण्याची टाकी आहे. मालकांनी एक नवा निळा मासा आणला, तिला त्या घरून महिन्याला जे मिळतं त्यापेक्षा महागाचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर बारीक चिरा दिसल्या. तिसऱ्या दिवशी तो पंपाच्या पाइपामागे जाऊन बसला, खायला बाहेर आलाच नाही. पाचव्या दिवशी तळाशी मेलेला सापडला. मग घरात विचारणा झाली, "तू पाण्यात काय टाकलंस?"

तिने काहीच टाकलं नव्हतं. टाकीत आधीपासून त्याच कुळातला एक पिवळा मासा होता आणि चिरा शेपटीने मारल्यासारख्या होत्या. एवढं ऐकल्यावर काय झालं असेल ते माशांचं काम करणारा कोणीही सांगेल. पण ते तिला सांगता येत नव्हतं, म्हणून बोट तिच्याकडे गेलं. मासा कामाच्या माणसाच्या हातून मेला की दुसऱ्या माशाने मारला, हे ओळखता यावं, आणि मुळात तो मरूच नये, यासाठी आजचं बोलणं आहे.

आधी ही टाकी समजून घेऊ. आपल्या नागपूरपासून समुद्र कोणत्याही बाजूने पाचशे किलोमीटरहून लांब. त्यामुळे इथे समुद्र पाकिटातून येतो. आरओच्या पाण्यात खास बनवलेलं समुद्री मीठ कालवतात, लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम. स्वयंपाकाचं मीठ त्याला चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात नुसतं मीठ नसतं, चुना, मॅग्नेशियम असं बरंच काही असतं. आत दगड रचलेले असतात, त्यांत कपारी असतात, वर निळसर दिवा असतो. हे सगळं समुद्रातल्या प्रवाळाच्या खडकाची नक्कल करण्यासाठी. आपल्या महाराष्ट्रात असा खडक पाहायचा तर मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती आहे. तिथला समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, आणि लोक पाण्यात उतरून पट्ट्यापट्ट्यांचे मासे बघतात.

त्या खडकावर राहणाऱ्या माशांचा स्वभाव कळला की टाकीतलं भांडण कळतं. तळ्यातली रोहू-कटला पाणीभर हिंडतात, त्यांचं ठरलेलं घर नसतं. खडकावरच्या बऱ्याच माशांचं घर ठरलेलं असतं: एक कपार, तिच्यापुढचा हातभर तुकडा, तिथलं शेवाळ. डॅमसेल नावाचा बोटाएवढा मासा आहे. त्याच्या काही जाती तर दगडावरच्या शेवाळाचं चक्क वावर राखतात. नको असलेलं शेवाळ तोंडाने उपटून टाकतात, हवं ते वाढू देतात, आणि त्या वावरात कोणी तोंड घातलं की आपल्यापेक्षा दहापट मोठ्या माशावरही धावून जातात. आपण मचाणावर बसून ज्वारीवरची पाखरं हाकलतो, तसंच समजा. म्हणून मी या भांडणांना धुऱ्याची भांडणं म्हणते. डॅमसेलच्या मनात वाईट काही नसतं. त्याच्या दृष्टीने कोणीतरी त्याचा धुरा कोरत असतो.

समुद्रात असं भांडण काही क्षणांत मिटतं, कारण हरलेला पळून जातो. दोन-चार हात लांब गेला की पाठलाग करणारा परत फिरतो, त्याला स्वतःचं वावर सोडून जायचं नसतं. टाकीत पळायला जागाच नाही. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत साधारण अडीचशे लिटर पाणी मावतं, त्यातली बरीच जागा दगड खातात. हरलेला मासा कितीही पळाला तरी मारणाऱ्याच्या नजरेसमोरच राहतो. मारणाऱ्याला वाटतं, हा अजून माझ्याच हद्दीत आहे. मग दिवसभर पाठलाग चालतो. पळणारा मासा जखमेने मरतोच असं नाही. पुष्कळदा तो दमाने, भुकेने आणि भीतीने मरतो. घाबरलेल्या माशाची रोगाशी लढायची ताकद जाते, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात, आणि मालकाला वाटतं आजाराने गेला.

आता कोण कोणाशी भांडतो. याचं एक ठोक उत्तर आहे: जो आपल्यासारखा दिसतो आणि आपलंच खातो, त्याच्याशी. कोनराड लोरेंझ नावाचे ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ होते, त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळालं. प्राण्यांच्या भांडखोरपणावर त्यांचं १९६३ सालचं पुस्तक आहे. त्यात त्यांनी लिहिलं आहे की प्रवाळावरचे भडक रंगाचे मासे परजातीच्या शेजाऱ्याला बरंच चालवून घेतात, पण स्वतःच्या जातीच्या माशावर तुटून पडतात. आपल्याकडेही दुसऱ्याच्या भाजीच्या दुकानाशेजारी चहाची टपरी टाकली तर कोणी भांडत नाही, भाजीचंच दुकान टाकलं तर भांडण.

टँग नावाचे चपटे, ताटलीसारखे मासे असतात, पिवळे, निळे, तपकिरी. आपल्या मैत्रिणीकडचे दोघेही टँगच. दोघेही शेवाळ खाणारे, दोघांचा आकार सारखा. त्यांच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना ब्लेडसारखा काटा असतो, म्हणून त्यांना इंग्रजीत सर्जन मासा असंही म्हणतात. शेजारी पोहता पोहता शेपूट झटकली की समोरच्याच्या अंगावर सरळ चीर पडते. हात घालताना तुम्हीही सांभाळा. टँगला जाळीने पकडू नका, काटा जाळीत अडकतो आणि सोडवताना तोही जखमी होतो, तुम्हीही. मोठ्या प्लास्टिकच्या बरणीत हळूच कोंडून काढा. माझं स्पष्ट मत आहे की चार फुटी टाकीत टँग ठेवूच नये, दोन तर नाहीच. समुद्रात तो दिवसभर चरत हिंडणारा जीव आहे. पण दुकानात तो लहान असताना विकतात, आणि घेणाऱ्याला त्याचा रंग दिसतो, मोठेपणीचा आकार दिसत नाही.

सगळ्यात जास्त घरांत असतो तो केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश. मुलं त्याला निमो म्हणतात. याचं घरातलं राजकारण ऐका, गंमत वाटेल. यांच्यात सगळ्यात मोठी असते ती मादी, आणि राज्य तिचंच. तिच्याखालोखाल तिचा नर. त्यांच्यासोबत आणखी लहान मासे असतील तर ते ना नर ना मादी, रांगेत थांबलेले. मादी मेली तर नर स्वतः मादी होतो आणि रांगेतला पुढचा मासा नर होतो. म्हणजे २००३ च्या त्या इंग्रजी सिनेमात आई मेल्यावर बाप लेकराला शोधत जातो, खऱ्या समुद्रात तो बाप आई झाला असता! पापुआ न्यू गिनीच्या समुद्रात यांचा अभ्यास झाला आहे. रांगेतला प्रत्येक मासा आपल्या वरच्यापेक्षा लहानच राहतो, स्वतःची वाढ आवरून धरतो, कारण बरोबरीला आला की त्याला हाकललं जातं.

याचा आपल्या कामाशी संबंध असा. जोडीतला लहान मासा मोठीपुढे आडवा होऊन थरथरताना दिसेल. घाबरू नका. तो आजारी नाही, त्याला मार बसलेला नाही. "तू मोठी, मी लहान," असं तो सांगतो आहे. यांना वेगळं करायचं नाही. केलं तर परत एकत्र आणताना मानपान नव्याने ठरतो आणि त्यातच खरी मारामारी होते. पण जमलेल्या जोडीत तिसरा क्लाउनफिश आणला तर तो बहुतेक वेळा टिकत नाही. मालक आणायचं म्हणाले तर आणण्याआधीच सांगा.

साधी कुरबुर आणि जीवघेणा छळ यांतला फरक ओळखायला रोज पाच मिनिटं पुरतात. खाणं घालून लगेच वळू नका, उभं राहून बघा. प्रत्येक मासा खायला आला का? साध्या कुरबुरीत एक जण धावतो, दुसरा सरकतो, आणि घटकाभराने दोघेही खातात. छळ असेल तर एक मासा पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात किंवा पाइपामागे चिकटून राहतो, रंग फिका पडतो, कल्ले भराभर हलतात, पंख फाटलेल्या पदरासारखे दिसतात, खवले निघालेले असतात. सलग दोन वेळा मासा जेवला नाही तर गप्प बसायचं नाही. संध्याकाळी थांबत असाल तर दिवा मालवण्याआधीची वेळही बघा. तेव्हा प्रत्येक जण झोपायला आपली कपार धरतो, आणि नवा मासा नेमका कोणाच्या तरी खाटेवर जाऊन पडतो.

छळ दिसला तर काय करायचं? पहिलं सोपं काम, दिवा मालवा. अंधारात पाठलाग थांबतो, आणि मालकांना फोन करायला वेळ मिळतो. पुढचं त्यांना विचारूनच करा, पण काय करता येतं ते तुम्हाला माहीत असलं तर तुमचं बोलणं ऐकलं जातं.

सगळ्यांच्या मनात येतं मार खाणाऱ्याला बाहेर काढावं. तो फार जखमी असेल तर काढावाच लागतो. नाहीतर कोंडायचं ते मारणाऱ्याला. भोकं पाडलेला पारदर्शक डबा टाकीतच काचेला अडकवायचा आणि त्यात भांडखोराला काही दिवस, लागला तर आठवडा, ठेवायचं. पाणी तेच, खाणं आतच. तेवढ्या दिवसांत मार खाणारा हिंडतो, खातो, एखादी कपार धरतो. भांडखोर सुटतो तेव्हा त्याचं वावर तसंच राहिलेलं नसतं, आता नवखा तो असतो. मार खाणाऱ्याला काढून पुन्हा सोडलं तर तो दुसऱ्यांदा नवखा होतो आणि दुसऱ्यांदा मार खातो. शिवाय सगळ्यात गरीब मासा काढून टाकल्याने शांतता होईलच असंही नाही, भांडखोर बऱ्याचदा पुढचा गरीब शोधतो. लोरेंझ यांनी गोड्या पाण्यातल्या माशांच्या जोड्यांबद्दल एक निरीक्षण सांगितलं आहे. काचेपलीकडे शेजारी दिसत असले की नर त्यांच्यावर गुरकावतो आणि घरात नीट वागतो. मधल्या काचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासे झाले की तोच नर स्वतःच्या मादीला मारू लागतो. (हे वाचून आमच्या बैठकीत जे हसू झालं, ते काही सांगत नाही.)

याच कारणाने काही जण बाहेरून काचेला आरसा लावतात. भांडखोर मासा स्वतःच्या प्रतिमेवर फुगत बसतो आणि नव्याला थोडी उसंत मिळते. थोडा वेळ ठीक आहे, पण दिवसभर आरसा ठेवू नये, तोच मासा दमून जातो.

दुसरा उपाय दगड हलवण्याचा. रचना बदलली की सगळ्यांचेच धुरे मोडतात. जुना काय आणि नवा काय, सगळे घर शोधायला लागतात आणि मारायला फुरसत राहत नाही. नवा मासा सोडायच्या वेळीच हे केलं तर उत्तम. मात्र दगड पक्का बसला नाही तर काच फोडतो, म्हणून हे मालकांनी स्वतः उभं राहून करावं. कपारी माशांपेक्षा जास्त हव्यात.

खाणं हा तुमच्या हातातला उपाय आहे. एकदाच मूठभर घालण्यापेक्षा थोडं थोडं दोन-तीनदा, आणि दोन कोपऱ्यांत एकाच वेळी घाला. भांडखोर एका कोपऱ्यात गुंतला की दुसऱ्या कोपऱ्यात बाकीचे खातात. शेवाळाचा कागद चिमट्याने लावत असाल तर तोही दोन ठिकाणी. उरलेलं मात्र काढून टाका, कुजलं की पाणी बिघडतं.

नवा मासा आणायचाच असेल तर गरीब स्वभावाचे आधी आणि भांडखोर शेवटी. डॅमसेल स्वस्त आणि काटक म्हणून दुकानदार तो पहिला देतात. माझ्या मते टाकीची सुरुवात बिघडते ती इथेच. तो सगळी टाकी आपल्या नावावर करून बसतो आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाला त्याची परवानगी लागते. नव्याची पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्यावी, मग टाकीचं पाणी थोडं थोडं पिशवीत घालत जावं, आणि शेवटी फक्त मासा सोडावा, पिशवीतलं पाणी नाही. सोडायचा तो दिवा मालवल्यावर. त्या भोकांच्या डब्यात दोन-चार दिवस ठेवून मग सोडला तर आणखी चांगलं, जुन्यांना तो दिसत राहतो आणि अंगावर धावून जाण्यातला जोर ओसरतो.

एप्रिल-मे आला की आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा टाकीकडे दुप्पट लक्ष. या माशांना २५ ते २७ अंश पाणी मानवतं. पाणी तापलं की त्यात हवा कमी विरघळते, मासे धापा टाकतात, आणि दमलेला मासा मार चुकवू शकत नाही. ज्यांच्याकडे पाणी थंड करायचं यंत्र नाही ते पाण्यावर छोटा पंखा लावतात. माठातलं पाणी जसं गार होतं तसंच ते होतं, पाणी उडतं आणि गारवा येतो. पण उडतं ते फक्त पाणी, मीठ आतच राहतं. म्हणून पातळी उतरली की साधं आरओचं पाणी घालायचं, मीठ कालवलेलं नाही. हे न कळल्याने खारेपणा वाढत जातो.

दगडांबद्दल एक कायद्याची गोष्ट. खडक बांधणारे सगळे प्रवाळ आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. समुद्रातून काढलेला प्रवाळ किंवा त्याचा दगड कोणी कमी भावात आणून देतो म्हणाला तर त्यात तुमचा हात नको. निरोप्या म्हणूनसुद्धा नको. सिरॅमिकचे, सिमेंटचे बनवलेले दगड मिळतात, कपारी त्यांतही होतात. मासाही समुद्रातून पकडलेला घेण्यापेक्षा केंद्रात जन्मलेला बरा. तो टाकीतच वाढल्याने लवकर रुळतो आणि दाण्याचं खाणं खातो. क्लाउनफिश असे पैदा करता येतात. नवी मुंबईत ऐरोलीला राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानाने लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या मदतीने समुद्री शोभिवंत माशांचं पैदास केंद्र उभारलं आहे. त्याच ब्युरोने लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर महिलांच्या गटांना हे काम शिकवलं आहे.

गावाकडच्या गटांतून नेहमी येणारा प्रश्न असतो शेततळ्यातल्या मरळीचा. मरळीची पिल्लंही एकमेकांना संपवतात, पण ते भांडण जागेचं नाही, भुकेचं आणि आकाराचं. मोठं पिल्लू लहानाला गिळतं. तिथे दगड हलवून उपयोग नाही. पिल्लं आकाराप्रमाणे निवडून वेगळी करायची, आणि खाणं वेळेवर द्यायचं. गोड्या पाण्याच्या टाकीतला फायटर मात्र पुन्हा धुऱ्यावाला. दोन नर एका टाकीत कधीच नाहीत.

आता त्या पगाराच्या प्रश्नाकडे. टाकीचं काम घेताना तीन गोष्टी आधी बोलून घ्या. हे काम पोळी-भांड्यांच्या पगारात बसत नाही, त्याचे पैसे वेगळे. नवा मासा आणण्याआधी आणि आणल्यावर तुम्हाला कळवलं जाईल. आणि टाकीजवळ एक वही राहील. वहीत रोज एक ओळ: तारीख, खाणं किती वेळा, कोण जेवलं नाही, पाणी किती घातलं, पाण्याचं तापमान. मासा लपलेला किंवा फाटलेला दिसला की त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून मालकांना पाठवा. फोटोवर दिवस आणि वेळ राहते. साबण लावलेला हात आणि भांड्यांचा स्पंज टाकीत कधीच जाता कामा नये, आणि "माझा स्पंज वेगळा आहे" हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आपल्या त्या मैत्रिणीने आता अशी वही सुरू केली आहे. तिच्या मालकीणबाई पहिल्या आठवड्यात हसल्या. दुसऱ्या आठवड्यात पिवळ्या टँगने आणखी एकाला धरल्याची नोंद त्यांनी स्वतः वाचली, आणि पिवळ्याला दुकानात परत द्यायचं ठरलं.

परत द्यायचं असेल तर पोहोचवायचं कामही बहुतेक तुमच्याकडेच येईल, म्हणून सांगून ठेवते. झाकणाच्या बादलीत टाकीचंच पाणी घ्या, एका बादलीत एकच मासा. बादलीवर ओला टॉवेल टाका, म्हणजे आत अंधार राहील आणि पाणी तापणार नाही. उन्हाच्या दिवसांत सकाळी नऊच्या आत निघा, आणि दुकान उघडलं आहे की नाही हे आधी फोन करून विचारा.